चिक्की की इडली?

‘एक्सप्लेन विथ नीट स्केच, इंजेक्शन मोल्डिंग.’ ८ मार्क. ज्याला हा प्रश्न आलेला नाही असा मेकॅनिकलचा एक तरी माणूस मला दाखवा. मला तर तो चार वेळा आला. एकदा युनिट टेस्टला, एकदा ओरलला, एकदा युनिव्हर्सिटीला आणि केटीच्या कृपेने परत एकदा युनिव्हर्सिटीला. चारही वेळा मी तीच आकृती काढली. वर हॉपर, आडवा बॅरल, त्याला हीटरच्या पट्ट्या, आत स्क्रू, टोकाला नॉझल आणि पुढे दोन भागांचा मोल्ड. खाली ठरलेलं वाक्य : प्लॅस्टिकचे दाणे बॅरलमध्ये वितळतात, दाबाने मोल्डमध्ये जातात आणि तिथे थंड होऊन घट्ट होतात. शेवटच्या वेळी आठपैकी सात मिळाले. हा टॉपिक आपल्याला येतो, अशी माझी तेव्हा प्रामाणिक समजूत होती.

ही समजूत टी.ई.नंतरच्या सुट्टीत, चाकणच्या बाजूच्या एका कारखान्यात, साधारण दीड मिनिटात संपली.

इनप्लांट ट्रेनिंगसाठी गेलो होतो. समोर बसलेल्या साहेबांनी टेबलावर एक दुधी रंगाची, बोटभर व्यासाची मऊ रिंग ठेवली. म्हणाले, ‘‘हे सिलिकोनचं सील आहे. गाडीच्या वायरिंगच्या कनेक्टरमध्ये बसतं, पाणी आत जाऊ देत नाही. इंजेक्शन मोल्डिंगनेच होतं. सांग, बॅरलचं टेंपरेचर किती असेल?’’

मी ठोकून दिलं, ‘‘दोनशे वीस, सर.’’

‘‘आणि मोल्डचं?’’

‘‘चाळीस-पन्नास.’’

‘‘बरोबर उलटं,’’ ते म्हणाले. ‘‘बॅरलभोवती थंड पाणी फिरतं, पंचवीसच्या वर जाऊ द्यायचा नाही. मोल्ड एकशे ऐंशीला. आता सांग, तुझ्या आकृतीप्रमाणे मशीन चालवलं तर काय होईल?’’

मी गप्प. सात मार्कांचं उत्तर पाठ होतं, पण त्यातला ‘का’ कुणी विचारला नव्हता आणि खरं म्हणजे मीही कुणाला विचारला नव्हता. ट्रेनी फुकटचा होता म्हणा किंवा त्यांना माझी दया आली म्हणा, त्यांनी घेतलं. महिनाभर तिथे उभा राहिलो. त्या महिन्याबद्दल आणि आपल्या वर्कशॉपबद्दल हे लिहितोय.

पहिल्या दिवशी मला मशीन सेटरच्या हाताखाली दिलं. वय पन्नाशीच्या आसपास, आयटीआय झालेले, सगळे त्यांना मामा म्हणत. मामांनी माझी इंटरव्ह्यूची कहाणी आधीच ऐकली होती. म्हणाले, ‘‘काय रे इंजिनिअर, चिक्की करताना बघितलीस कधी? गुळाचा पाक गरम, ओटा थंड. पाक ओतला की बसतो. परत तापवला की परत मऊ. ते तुझं प्लॅस्टिक. आता इडली कशी करते तुझी आई? पीठ थंड, पात्र गरम. पीठ तापलं की इडली झाली. आता ती इडली किती पण उकळ, पीठ होणार आहे का परत?’’

आमच्या पुस्तकात थर्मोप्लॅस्टिक आणि थर्मोसेट यांच्यातल्या फरकाचा दोन रकान्यांचा तक्ता आहे. सात मुद्दे. तो मी पाठ केला होता. पण चिक्की आणि इडली एवढं सांगितलं असतं तर ‘बॅरल थंड का’ हे मी त्या टेबलासमोर बसून काढू शकलो असतो. इडलीचं पीठ पातेल्यातच शिजवून टाकलं तर पात्रात काय ओतणार? सिलिकोन बॅरलमध्ये तापलं तर तिथेच त्याचं रबर होईल, स्क्रू त्यात गच्च अडकून बसेल आणि ते वितळवून काढायचीही सोय नाही. खरवडूनच काढावं लागेल.

इथे एक खुलासा, कारण माझा रूम पार्टनर ईअँडटीसीचा आहे आणि हा लेख वाचून त्याने ‘सिलिकॉन तर आमचं’ म्हणून वाद घातला. त्यांचं ते सिलिकॉन, मूलद्रव्य, चिपमधलं. आमचं हे सिलिकोन. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची एकाआड एक साखळी आणि तिला बाजूने कार्बनचे गट लटकलेले. नाव दिलं नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंग यांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तेही एका गैरसमजातून. हा पदार्थ कीटोनसारखा असेल असं त्यांना वाटलं होतं. तसा तो निघाला नाही, नाव मात्र चिकटलं. या चिकट गोळ्यांचा पुढे काही उपयोग होईल अशी खुद्द किपिंगनाही फारशी आशा नव्हती. १९४० साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये यूजीन रोचो यांनी सिलिकॉन आणि मिथिल क्लोराइड यांची तांब्याच्या मदतीने थेट अभिक्रिया घडवली आणि कारखान्यात सिलिकोन करण्याचा रस्ता मोकळा झाला. १९६९ साली चंद्रावर उमटलेले बुटांचे ते प्रसिद्ध ठसे सिलिकोन रबराच्या तळव्यांचे आहेत. उणे पन्नासला कडक होत नाही, दोनशेला वितळत नाही, म्हणून. पार्टनरचं यावर म्हणणं असं की मूळ माल वाळूचाच, म्हणजे शेवटी आमचंच. असो.

तर मशीनकडे येतो. मशीनशेजारी दोन पिंपं, ‘ए’ आणि ‘बी’. आत श्रीखंडासारखा माल. एकात प्लॅटिनमचं कॅटॅलिस्ट, दुसऱ्यात साखळ्या एकमेकींना बांधणारं रसायन. वेगवेगळे असेपर्यंत दोघंही शांत. पंप दोन्हीकडून एकास एक माल ओढतो, रंग हवा असेल तर तो तिसऱ्या नळीने येतो आणि सगळं एका मिक्सरमधून जातं. या मिक्सरमध्ये हलणारा भाग एकही नाही. नळी आणि तिच्या आत वळणावळणाच्या पट्ट्या. माल दुभंगत-जुळत पुढे सरकतो आणि आपोआप मिसळतो. मला ते इतकं आवडलं की मी डायरीत त्याचं चित्र काढलं. मी स्वतःहून काढलेली ती पहिली इंजिनिअरिंगची आकृती. त्याआधीच्या सगळ्या जीटी मारलेल्या. काचेखाली बल्ब आणि वर सीनियरची शीट, हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको.

एकदा मिसळलेला माल साध्या तापमानाला तीनेक दिवस टिकतो. मोल्डमध्ये मात्र पातळ पार्ट असेल तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास शिजून निघतो. या तीन दिवसांचं महत्त्व मला बुधवारी रात्री कळलं. त्या भागात गुरुवारी औद्योगिक सुट्टी. त्यामुळे बुधवारी शेवटच्या शिफ्टला ए आणि बी मिसळलेला माल बाहेर काढायचा आणि नळ्यांमध्ये एकटा ‘बी’ भरून ठेवायचा, म्हणजे आत काही पकडत नाही. शुक्रवारी सकाळी पहिले कितीतरी शॉट फेकायचे. मी विचारलं, ‘‘फेकायचे कशाला? रिग्राइंड करून परत टाकू.’’ मामांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मग मला इडली आठवली.

प्लॅस्टिकच्या दुकानात रनर, स्प्रू, बिघडलेले पार्ट सगळं ग्राइंडरमध्ये जातं आणि बऱ्याच वेळा काही टक्के परत वापरात येतं. इथे तो मार्ग बंद. धरा, चार पार्टचा मोल्ड आहे, पार्ट २ ग्रॅमचा आणि चौघांना जोडणारा रनर ३ ग्रॅमचा. मिनिटाला एक शॉट. आठ तासांत ४८० शॉट आणि ४८० गुणिले ३ म्हणजे जवळजवळ दीड किलो माल एका शिफ्टला कचऱ्यात. आणि हा माल किलोमागे साध्या प्लॅस्टिकच्या दाण्यापेक्षा कितीतरी महाग. म्हणून मग कोल्ड रनर. १८० डिग्रीला तापलेल्या मोल्डच्या पोटातच एक वाट पाण्याने थंड ठेवायची, म्हणजे वाटेतला माल कच्चाच राहतो आणि पुढच्या शॉटला कामाला येतो. मध्ये इन्सुलेशनची प्लेट आणि हवेची फट. गरम आणि थंड यांच्यात बोटभर अंतर. हीट ट्रान्सफरचा पेपर मी ज्या वर्षी घोकला त्याच वर्षी हे कुणी दाखवलं असतं तर केटी लागली नसती, असं मी घरी सांगतो.

यातही प्लॅस्टिकशी सगळं उलटं. तिथे भारी मोल्डमध्ये रनर गरम ठेवतात, इथे थंड. तिथे माल थंड होताना आकसतो म्हणून मागून दाबून दाबून भरत राहतात. इथे पोकळी मुद्दाम किंचित कमी भरायची, कारण माल तापून फुगतो आणि उरलेली जागा स्वतःच भरतो. पूर्ण भरली तर फुगलेला माल जाणार कुठे? दोन भागांच्या फटीतून बाहेर. पार्ट काढून गार झाला की अडीच-तीन टक्के आकसतो. म्हणजे ४० मिलिमीटरचं सील हवं असेल तर पोकळी सुमारे ४१.२ची करायची. हे गणित बारावीतल्या पोराला येईल. मला आलं नाही, कारण प्रश्न ‘नीट स्केच’ असा नव्हता.

आणि आता फट. या फटीमुळे माझं वर्कशॉपबद्दलचं मत बदललं.

सिलिकोन घुसायला पटाईत. मोल्डच्या दोन भागांत ०.०५ मिलिमीटरची फट राहिली तर ते आनंदाने बाहेर येतं. ०.०१ला येतं. चांगल्या मोल्डमध्ये हे अंतर ०.००५च्या आत ठेवतात. आपल्या डोक्याचा केस ०.०७ धरला तर त्याचा चौदावा भाग. बाहेर आलेला तो पातळ पापुद्रा म्हणजे फ्लॅश. तो पार्टला राहिला तर सील गळतं, आणि हाताने काढायला बसलं तर माणसं दिवसभर तेच करत बसतात. बरं, फट इतकी बंद केली की आतल्या हवेला जायला वाट नाही. मग पार्टमध्ये बुडबुडे. त्यासाठी आधी पोकळीतली हवा पंपाने ओढून घ्यायची आणि मग माल सोडायचा.

टूलरूममध्ये दोन माणसं मोल्डचे अर्धे भाग जुळवत होती. एका पृष्ठभागाला निळा रंग पुसायचा, दुसरा टेकवायचा, उचलायचा, निळा कुठे लागला कुठे नाही ते बघायचं, उंचवटा हलकेच घासायचा. परत निळा. परत टेकवणं. मी उभा राहून बघत होतो आणि मला फर्स्ट इयरचा फिटिंग जॉब आठवला. ते मेल-फीमेल. माइल्ड स्टीलचे दोन तुकडे, फाइलने घासून एकमेकांत बसवायचे आणि उजेडाकडे धरले तर फटीतून उजेड दिसता कामा नये. आम्ही सगळ्यांनी त्या जॉबला शिव्या घातल्या. ‘सीएनसीच्या जमान्यात कानस कसली घासायला लावतात’ हे वाक्य मी स्वतः गॅदरिंगच्या स्किटमध्ये म्हटलंय आणि टाळ्या घेतल्यात. माझा जॉब तर शेजारच्या बेंचवरच्या मित्राने घासून दिला, दोन वडापावांवर.

तो जॉब चुकीचा नव्हता. तो का करायचा हे सांगायला कुणाला सुचलं नाही, एवढंच. उजेड न दिसणाऱ्या त्या फटीवर उद्या गाडीचं सील, बाळाच्या बाटलीचं बूच, ऑपरेशननंतर तोंडाला लावायचा मास्क, मुलींचा मेन्स्ट्रुअल कप अवलंबून असेल, हे कानस हातात देताना बोलायला पाच मिनिटं लागली असती.

अजून एक प्रसंग सांगतो, कारण माझी मागणी त्यावरच उभी आहे. दुसऱ्या दिवशी मी केमिस्ट्री लॅबच्या सवयीने लॅटेक्सचे हातमोजे घालून गेलो. माल चिकट, हात खराब नकोत म्हणून. मामांनी दारातच थांबवलं. ‘‘ते काढ आधी.’’ मला वाटलं कंपनीचा काहीतरी नियम असेल. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मिसळलेला माल दोन छोट्या वाट्यांत घेतला. माझ्या मोज्याचा नखाएवढा तुकडा कापून एका वाटीत खुपसला आणि दोन्ही ओव्हनमध्ये ठेवल्या. बाहेर काढल्या तेव्हा एक वाटी छान रबर झालेली. दुसरीत त्या तुकड्याभोवती गोल जागा तशीच चिकट, शेंबडासारखी. कारण लॅटेक्सचं रबर गंधकाने पक्कं केलेलं असतं, आणि गंधक हे प्लॅटिनमच्या कॅटॅलिस्टला विषासारखं. अमाइन्स आणि कथिलाची संयुगंही तशीच. मामांना ‘कॅटॅलिस्ट पॉयझनिंग’ हा शब्द माहीत नव्हता. मला माहीत होता, फर्स्ट इयरला दोन मार्कांना होता. मोजे मात्र मी घातले होते.

त्या वाटीने मला जे शिकवलं ते अख्ख्या सेमिस्टरने शिकवलं नाही, असं म्हणायचा मोह होतोय. पण ते खरं नाही. सेमिस्टरमध्ये तो शब्द ऐकला होता म्हणूनच वाटी बघून डोक्यात काहीतरी जुळलं. ज्यांना शब्दही माहीत नाही त्यांना ती नुसती चिकट वाटी दिसली असती. लेक्चर आणि वाटी, दोन्ही लागतात. आपल्याकडे वाटी नाही.

यावर दोन उत्तरं मला मिळाली आहेत. एक सरांकडून : ‘‘सिलॅबसमध्ये नाही. युनिव्हर्सिटी ठरवते, आम्ही नाही.’’ मान्य. पण ओरलला काय विचारायचं हे तर आपलेच सर ठरवतात ना, निदान इंटर्नल असताना? ‘आकृती काढ’ याच्याऐवजी ‘बॅरल थंड ठेवून मोल्ड तापवला तर कोणता माल चालेल?’ एवढं विचारायला युनिव्हर्सिटीची परवानगी लागत नाही. पहिली बॅच गडबडेल, बाहेर येऊन पुढच्यांना सांगेल, संध्याकाळपर्यंत सगळ्या हॉस्टेलला उत्तर कळलेलं असेल. कळू दे की.

दुसरं उत्तर मित्रांकडून : ‘‘लेका, प्लेसमेंटला अॅप्टिट्यूड विचारतात. शेवटी सगळे सॉफ्टवेअरलाच जाणार.’’ जावं की. माझं कुणाशी भांडण नाही, उद्या मीही जाईन कदाचित. पण चार वर्षं मेकॅनिकलची फी भरून, आपल्याच खोलीतल्या कुकरची रिंग किंवा रिमोटची बटणं कशी झाली हे सांगता येऊ नये, हे मला आता लागतं. पूर्वी लागत नव्हतं. आणि त्यातही काहींना इकडेच यायचंय, त्यांनी तरी त्या टेबलासमोर माझ्यासारखं गप्प बसू नये.

एलएसआरचं मशीन घ्या असं मी म्हणत नाही. कॉलेज ते घेणार नाही आणि घेतलं तर त्यावरही कव्हर पडेल. आपल्या वर्कशॉपच्या मागच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचं एक हाताने चालवायचं इंजेक्शन मशीन आहे, किती जणांना माहीत आहे? ताडपत्रीखाली. मी उचलून पाहिलं. हँडल फिरतं, हीटर बँड तुटलाय, बाकी ठीक दिसतंय. ते चालू झालं की चिक्कीची सोय झाली.

इडलीसाठी साध्या तापमानाला घट्ट होणारं दोन भागांचं सिलिकोन मिळतं. मोल्ड करणारे, मूर्ती ओतणारे वापरतात. प्लॅटिनमवालंच बघून घ्यायचं, कथिलवालं नाही, नाहीतर मोज्याचा प्रयोग फसेल. हार्डवेअरच्या दुकानातली ट्यूबही चालणार नाही. ती लावताना व्हिनेगरसारखा वास येतो, कारण ती हवेतल्या ओलाव्याने पकडते आणि अॅसेटिक अॅसिड सोडते. ती बाहेरून आत वाळत जाते, जाड थर आत कच्चाच राहतो. हाही एक प्रयोगच आहे म्हणा, फुकटातला. प्रत्येक बॅचला अर्धा किलो माल पुरे. फिटिंगचा जॉब बदलायचा, पण काढून टाकायचा नाही. मेल-फीमेलच्याऐवजी दोन प्लेटचा छोटा साचा घासायचा, आत एका सीलची पोकळी. निळा लावून जुळवायचा, सिलिकोन ओतून आवळायचा, दुसऱ्या दिवशी उघडायचा. फ्लॅश किती आला ते मायक्रोमीटरने मोजायचं आणि त्यावर मार्क द्यायचे. फ्लॅश जीटी मारता येत नाही. आणि एका वाटीत मोज्याचा तुकडा.

वर्कशॉपच्या सुपरिटेंडेंट सरांना हे दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, हसले, आणि म्हणाले, ‘‘अर्ज लिहून आण, हीटर बँडची किंमत टाक.’’ अर्ज लिहिलाय. तो सध्या मेसच्या काउंटरवर, वहीच्या शेजारी ठेवलाय. सही करताना रोल नंबर घाला आणि कृपया दुसऱ्याची सही करू नका. गेल्या वेळी गीझरच्या अर्जावर एकाच अक्षरात अकरा सह्या निघाल्या होत्या.